नर क्रमांक ४७ यास बोलावून आणण्याच्या कामाबाबत

प्रति,
मा. श्री. चंद्रशेखर वाळिंबे,
प्रशासन व्यवस्थापक,
अबू सिमाख वन्यजीव राखीव क्षेत्र,
कर्मचारी वसाहत कार्यालय, रियाध प्रांत, सौदी अरेबिया.

अर्जदार : जलाल दाऊद चौगुले, पंप ऑपरेटर, कर्मचारी क्र. ११८.

विषय : नर ओरिक्स क्र. ४७ यास येत्या रविवारी डबा वाजवून बोलावण्याच्या कामातून अर्जदारास वगळणेबाबत व घटना अहवालातील एक शब्द दुरुस्त करणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या सहीचा घटना अहवाल, दि. ११ नोव्हेंबर २०२५ (यावर अर्जदाराचीही सही आहे).
२) आपला आदेश, दि. १६ नोव्हेंबर २०२५.
३) आपले मोबाईलवरील संदेश, एकूण त्रेचाळीस.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्जदार नम्रपणे कळवितो की, या वसाहतीत सतरा वर्षे नोकरी करून त्याने आपल्या कार्यालयाकडे आजवर एकही अर्ज केलेला नाही. जे काही हवे-नको असेल ते आपल्या घरी चहा घेता घेता सांगून होत असे. तेव्हा तो आपणास शेखरभाऊ म्हणत असे आणि आपण त्यास जलालभाई. आज 'महोदय' लिहावे लागत आहे, यातच काय ते आले.

अर्जात 'मी' न लिहिता 'अर्जदार' लिहिले आहे, त्याचे कारण सवय. इकडे येण्यापूर्वी अर्जदार मंडणगडला तहसील कचेरीच्या बाहेर टेबल टाकून चार वर्षे लोकांचे अर्ज लिहीत असे. वारसनोंद, रेशनकार्ड, बांधावरची भांडणे, हरवलेली गुरे, सगळे. दुसऱ्याचे दुःख लिहायचे तर 'अर्जदार' हा शब्द फार सोयीचा पडतो. स्वतःचे लिहितानाही तो सोयीचा पडेल अशा आशेने तसेच लिहिले आहे.

अर्ज मराठीत का, तर या कार्यालयात मराठी वाचणारे आपण एकटेच आहात. इंग्रजीत लिहिला असता तर तो चार टेबले फिरून आपल्यापर्यंत आला असता आणि चौघांनी वाचला असता. यातील मजकूर वाचून शरम वाटायची असेल तर ती आपणास एकट्याला, दार लावून वाटावी, एवढी सोय अर्जदाराने आपली केली आहे. आपण त्याची अशी काही सोय पाहिली नाहीत.

१. आपल्या अहवालात ज्याचा उल्लेख 'सदर प्राणी' असा केला आहे, त्याची माहिती प्रथम नोंदवणे आवश्यक आहे, कारण अहवाल वाचणाऱ्या समितीतील एकानेही त्यास पाहिलेले नाही. सदर प्राणी हा नर ओरिक्स (अरबस्तानातील वाळवंटी हरणाची जात) असून त्याच्या कानातील बिल्ल्याचा क्रमांक ४७ आहे. अंगाने पांढरा, पायांत तपकिरी मोजे घातल्यासारखा, शिंगे सरळ आणि हातभर लांब. डाव्या शिंगाचे टोक चार बोटे तुटलेले आहे. सन २०२२ च्या उन्हाळ्यात तीन नंबरच्या बोअरचा पंप जळाला व नवीन मोटार येईपर्यंत अकरा दिवस गेले. कळप उत्तरेच्या हौदाकडे सरकला. हा मात्र मोठ्या नरांकडून मार खाल्लेला, जेमतेम दोन वर्षांचा, पाण्याच्या टँकरच्या गळतीपाशी मागे राहिला. अर्जदार दिवसभर तेथेच पंपाशी झटत होता. दोघे एकमेकांना अकरा दिवस पाहत होते.

आता खुबूसची गोष्ट. आपल्या मेसमध्ये रोज खुबूसच्या मैद्याच्या रोट्या उरतात आणि ते कचऱ्यात टाकायचे नाहीत, ही येथील सर्वांची रीत. पिशवीत भरून फाटकाच्या खिळ्याला अडकवायचे, मेंढपाळ येऊन घेऊन जायचा. त्या वर्षी तो आपली मेंढरे घेऊन दुसरीकडे गेला आणि पिशव्या साचू लागल्या. अर्जदाराच्या घरी भाकरीचा तुकडा जमिनीवर पडला तर उचलून, डोळ्यांना लावून, उंच जागी ठेवायची पद्धत. आपल्याही घरी अन्न टाकत नाहीत, विभावरीवहिनी उरल्या पोळ्यांचा दुसऱ्या दिवशी कुस्करा करतात हे अर्जदाराने खाऊन पाहिले आहे. तेव्हा त्या पिशव्या कचऱ्याच्या गाडीत फेकण्यास अर्जदाराचा हात धजेना. त्याने एक खुबूस मोडून त्या जनावरासमोर टाकला. चूक येथून सुरू झाली व ती अर्जदाराची आहे. कोणी लिहून घेण्यापूर्वी तो स्वतःच तसे लिहून देत आहे.

२. रेंजर फहाद याने त्याच आठवड्यात अर्जदारास मनाई केली होती, हेही येथे नमूद करतो. फहादच्या आजोबांनी या जातीची शिकार केलेली आणि फहाद तिची राखण करतो, त्यामुळे त्याच्या बोलण्याला दोन्हीकडचा आधार आहे. तो आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाला, "जलाल, खाना मत दो. ये भूखा नहीं, ये अकेला है." हा प्राणी झाडपाल्याच्या ओलाव्यावर महिनोन् महिने काढतो, आज ना उद्या कळपाच्या वासावर जाईल, पण माणसाने खायला घातले तर जाणार नाही, असे त्याचे म्हणणे. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात मैदा आंबतो, पोट फुगते, हेही त्याने सांगितले. आणि शेवटी म्हणाला, "डर इसका दीवार है. तुम दीवार तोड़ता है."

यातले काही अर्जदारास नवीन नव्हते. लग्नातल्या उरलेल्या भाताने म्हैस फुगून मेलेली त्याने लहानपणी गावी पाहिली आहे. तरी त्याने घातले. थोडेच घालतो, वाळवून घालतो, मूठभरच घालतो, अशी स्वतःची समजूत काढून घातले. खरे कारण असे की, त्याच वर्षी अर्जदाराची पत्नी आबिदा मुलीला, दुआला, घेऊन तिच्या कॉलेजसाठी गावी परत गेली होती व अर्जदाराची खोली रिकामी झाली होती. आपण येण्याची कोणीतरी वाट पाहावी, असे माणसाला वाटते. जनावराच्या भल्यासाठी म्हणून जे केले ते बरेचसे अर्जदाराने स्वतःसाठी केले. हे फहादला त्या दिवशी कळले होते, अर्जदारास कळायला तीन वर्षे लागली.

३. डब्याबाबत. बटर बिस्किटांचा निळा, गोल पत्र्याचा डबा आखातातून परतलेल्या प्रत्येकाच्या घरी असतो आणि त्यात बिस्किटे सोडून बाकी सर्व असते. आबिदाच्या डब्यात सुईदोरा आहे. अर्जदाराच्या डब्यात सुक्या खुबूसचे तुकडे होते. तो वाजवला की ४७ येई. आपल्या क्षितिजाने त्यास डब्यावरूनच 'बिस्किट' असे नाव ठेवले. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. "बाबा, लुक, बिस्किट इज कमिंग," असे म्हणत ती आपल्या खांद्यावर चढली होती, हे आपणास आठवत असेल. पुढच्या हिवाळ्यात चांगला पाऊस झाला, पूर्वेला गुडघाभर गवत आले, सगळा कळप तिकडे गेला. हा फाटकाशी दुपारपासून उभा. अर्जदारास तेव्हा फार बरे वाटले होते. आज त्याची लाज वाटते.

४. येथवर जे झाले ते अर्जदाराच्या पदरात घालावे, तक्रार नाही. येथून पुढे मात्र आपण आहात.

जानेवारी २०२४ पासून दर शुक्रवारी रियाधहून पाहुणे येऊ लागले. कंपनीचे, आपल्या ओळखीचे, ओळखीच्यांच्या ओळखीचे. आपले संदेश अर्जदाराने जपून ठेवले आहेत. नमुन्यादाखल : "जलालभाई, उद्या चार गाड्या आहेत, बिस्किटला दुपारी काही देऊ नका, भुकेला असला की पटकन येतो." दुसरा : "मोठे साहेब येताहेत, डबा जोरात वाजवा, इज्जतीचा प्रश्न आहे." तिसऱ्यात तर आपण छापील कार्यक्रमपत्रिकाच पाठवली होती, त्यात साडेचारला चहा आणि पाचला 'ओरिक्सला खाऊ घालणे' असे लिहिले आहे. पाहुण्यांसमोर अर्जदाराच्या खांद्यावर हात ठेवून आपण म्हणत असा, "हे आमचे जलालभाई. जनावरांशी बोलतात." अर्जदार हरभऱ्याच्या झाडावर चढत असे. पन्नाशी उलटलेल्या पंप ऑपरेटरशी एरवी कोण बोलते?

फाटकाशी 'प्राण्यांना खाऊ घालू नये' असा फलक आपल्याच कार्यालयाने तीन भाषांत लावला आहे. हा सर्व कार्यक्रम त्या फलकाखाली होत असे. इतकेच काय, डबा टांगायला खिळा नव्हता म्हणून आपल्याच सूचनेवरून त्या फलकाच्या खांबाला हूक मारण्यात आला. हूक अजून आहे, समितीने येऊन पाहावा. फहादने आपल्याकडे दोनदा तोंडी तक्रार केली होती. आपण त्यास म्हणालात, "खलास, फहाद. गेस्ट खूश, सब खूश." त्यानंतर फहाद शुक्रवारी संध्याकाळी फाटकाकडे फिरकत नसे.

५. दि. ७ नोव्हेंबर रोजीची घटना. त्या दिवशी रियाधहून आपले मावसभाऊ श्री. सुमीत हे सहकुटुंब आले होते. आयटीतले गृहस्थ, स्वभावाने बरे, अर्जदारास काका म्हणतात. त्यांनी व्हिडिओसाठी खुबूस हातात धरून तो ४७ च्या तोंडाशी नेला व मागे घेतला. पुन्हा नेला, पुन्हा मागे घेतला. असे चार वेळा. अर्जदार म्हणाला, "सुमीतभाई, देऊन टाका, चिडवू नका." आपण म्हणालात, "असू द्या हो, व्हिडिओ छान येतोय." पाचव्या वेळी खुबूस पाठीमागे लपवला तेव्हा त्याने मान खाली घालून तो शोधायला शिंग पुढे केले. दंडाला अकरा टाके पडले. जखम खरी आहे, रक्त खरे आहे व सुमीतभाईंना झालेल्या त्रासाबद्दल अर्जदारास मनापासून वाईट वाटते. पण तो हल्ला नव्हता. तीन वर्षे आपण सर्वांनी त्याला शिकवले की माणसाच्या हातात भाकर असते. ती तो शोधत होता.

६. आता सहीबाबत. हा परिच्छेद अर्जदाराने तीन वेळा लिहून फाडला आहे.

मंगळवारी, दि. ११ रोजी, आपण स्वतः पंपघरात आलात. इतक्या वर्षांत आपण पंपघरात कधी आला नव्हतात. हातात दोन कागद होते, एक इंग्रजी, एक अरबी. आपण म्हणालात, "जलालभाई, फॉर्मॅलिटी आहे. इथे एक सही करा, बाकी मी बघून घेतो. आपल्या माणसाला काही होऊ देईन का?" अर्जदाराने हात पुसले, मोटारीच्या झाकणावर कागद ठेवले आणि सही केली. अरबी त्याला येत नाही. इंग्रजी सावकाश येते, पण त्याने ते वाचलेच नाही.

महोदय, तहसील कचेरीबाहेर बसून ज्या माणसाने चार वर्षे म्हाताऱ्या-कोताऱ्यांना बजावले की, आधी वाचून घ्या, वाचता येत नसेल तर दुसऱ्याकडून वाचून घ्या, मगच अंगठा उठवा, त्या माणसाने ही सही केली. इंग्रजीत सांगितले असते तर त्याने वाचले असते. हिंदीत सांगितले असते तरी वाचले असते. आपण मराठीत सांगितलेत. या वाळवंटात सतरा वर्षे दिवसभर परक्या भाषांत काढल्यावर कोणी मराठीत 'आपल्या माणसाला' म्हणाले की, कागद बघायची शुद्ध राहत नाही. त्या भाषेवर अर्जदाराने सही केली, कागदावर केली नाही.

आपण केसाने गळा कापलात. अर्जात असा शब्दप्रयोग करू नये, हे अर्जदारास माहीत आहे. इतरांच्या अर्जांतून त्याने तो शेकडो वेळा काढून टाकला आहे आणि त्याऐवजी 'गैरसमजातून' असे लिहिले आहे. येथे गैरसमज नव्हता.

७. त्या कागदांत काय होते, ते फहादने वाचून दाखवले. वाचता वाचता तो थांबला आणि म्हणाला, "जलाल, ये तुम बोला? तुम क्यों साइन किया?" त्यात तीन गोष्टी आहेत. पहिली, कर्मचारी क्र. ११८ हा परवानगीशिवाय, चोरून, प्राण्यास खाऊ घालत असे. दुसरी, व्यवस्थापनास याची कल्पना नव्हती. तिसरी, दि. ७ रोजी सदर प्राण्याने पाहुण्यांवर विनाकारण हल्ला केला. खाली अर्जदाराची सही, सुवाच्य.

पहिल्या दोन गोष्टींनी अर्जदार बुडतो, त्याचे काही नाही. तिसरीने ४७ बुडतो. फहादने नियम समजावून सांगितला, तो असा. माणसांनी लावलेल्या सवयीमुळे जे जनावर बिघडले, ते मारत नाहीत. त्यास प्रजनन केंद्राच्या कुंपणात नेऊन ठेवतात, जिथे ते माणसांपासून दूर आयुष्य काढते. पण जे जनावर विनाकारण माणसावर चालून जाते, त्यास ठार करावे लागते. म्हणजे कुंपण की गोळी, हे समितीने ठरवायचे नव्हते. ते आपल्या एका शब्दाने ठरवले. सुमीतभाईंनी दुसऱ्याच दिवशी दवाखान्यातून अर्जदारास संदेश पाठवला आहे : "काका, चूक माझीच होती. शेखरदादाला सांगितलंय आणि व्हिडिओपण दिलाय." तो व्हिडिओ अहवालासोबत नाही. त्यात आपला आवाज आहे, म्हणून नसावा.

८. यानंतर आपला दि. १६ चा आदेश आला. रविवार, दि. २३ रोजी सकाळी सात वाजता कर्मचारी क्र. ११८ याने नेहमीच्या जागी उभे राहून, नेहमीच्या पद्धतीने डबा वाजवून सदर प्राण्यास बोलवावे. पशुवैद्य पंपघराच्या आडोशाला बंदूक घेऊन थांबतील. कारण असे दिले आहे की, सदर प्राणी अन्य कर्मचाऱ्यांच्या जवळ येत नाही आणि गाडीने पाठलाग केल्यास कळपास इजा होईल. कारण रास्त आहे. ज्याने काढले त्याचे डोके थंड आहे.

अर्जदाराने आपल्या नियुक्तीपत्राची प्रत पुन्हा वाचली. त्यात पंप चालवणे, नळजोडण्या तपासणे, टँकर भरणे व 'वरिष्ठ सांगतील ती इतर कामे' असे लिहिले आहे. विश्वासाने येणाऱ्यास हाक मारून गोळीपुढे उभे करणे हे इतर कामांत मोडते काय, याचा लेखी खुलासा व्हावा. मोडत असल्यास ते कोणत्या कलमाखाली, त्यासाठी कोणता गणवेश घालावा आणि गोळी लागण्यापूर्वी त्याच्या तोंडात घास असावा की नसावा, याबाबतही मार्गदर्शन करावे. आदेशात याचा उल्लेख नाही.

९. दरम्यान अर्जदाराने स्वतःहून एक उपाय केला, तो कळवणे त्याचे कर्तव्य आहे. आदेश मिळाल्या दिवसापासून तो रोज ड्युटी संपल्यावर फाटकाशी जाऊन ४७ यास हुसकावून पाहत आहे, पहिल्या दिवशी दगडांनी. भीतीची भिंत स्वतः पाडली, तर स्वतःच चार दिवसांत बांधावी, असा विचार. पहिला दगड जवळ पडला. तो चार पावले मागे सरकला आणि थांबून पाहू लागला. दुसरा त्याच्या खांद्याला लागला. त्याने दगडापाशी येऊन तो हुंगला. तीन वर्षांत या हाताने जे जे टाकले ते खायचे होते, तेव्हा हेही असेल, असे त्यास वाटले असावे. मी तिसरा मारू शकलो नाही.

(वरील ओळीत 'मी' असे पडले आहे. खाडाखोड केलेला अर्ज ग्राह्य धरत नाहीत, म्हणून ते तसेच ठेवले आहे.)

सोमवारी फहाद सोबत आला. त्याने गाडीचा भोंगा वाजवला, पत्रे बडवले, आरोळ्या ठोकल्या. ४७ टेकाडापर्यंत पळाला. अर्जदारास आशा वाटली. फहाद गाडीत बसून गेला आणि दहा मिनिटांत ४७ परत आला. मंगळवारी आणि काल बुधवारी तेच. मनुष्यप्राण्याची भीती त्यास आता वाटते, फक्त अर्जदाराची वाटत नाही. अर्जदार वगळून सर्वांपासून तो सावध झाला आहे, आणि आपण नेमके अर्जदारालाच त्यास बोलावण्यास सांगितले आहे.

१०. वरील सर्व बाबी ध्यानात घेता अर्जदाराच्या मागण्या मूळ मसुद्यात पाच होत्या. या अहवालावरून अर्जदारास दिलेला मेमो मागे घ्यावा, ही पहिली. ती तो या अर्जाद्वारे मागे घेत आहे, मेमो राहू द्यावा. जानेवारीत कराराचे नूतनीकरण होणार नाही, असे मेमोत म्हटले आहे, त्याचा फेरविचार व्हावा, ही दुसरी. तीही मागे. अर्जदार गावी जाईल. आबिदाला त्याने काल फोनवर सांगितले, ती म्हणाली, "या मगे, घर काय खाया उठलाय?" तेव्हा तोही प्रश्न मिटला. 'चोरून' हा शब्द काढावा, ही तिसरी मागणी होती. ती मागे घेताना अर्जदारास जड गेले, कारण त्याने आयुष्यात काही चोरून केलेले नाही आणि आबिदाला हा शब्द अजून सांगितलेला नाही. पण तोही राहू द्यावा. व्यवस्थापनास कल्पना नव्हती, हे आपले वाक्यसुद्धा राहू द्यावे. आपले नाव, आपली खुर्ची, क्षितिजाची शाळा, यांपैकी कशासही अर्जदार धक्का लावू इच्छित नाही. त्रेचाळीस संदेश त्याच्याच मोबाईलमध्ये राहतील.

एकच मागणी उरते. अहवालातील 'विनाकारण' हा शब्द आपण शनिवारपर्यंत खोडावा. त्याजागी 'कर्मचारी क्र. ११८ याने लावलेल्या सवयीमुळे' असे लिहावे. वाटल्यास त्यावर अर्जदाराची सही आधीच घेऊन ठेवावी, या वेळी तो वाचून करील. सगळा दोष अर्जदारावर टाकूनही ४७ जगू शकतो. आपले यात काहीही जात नाही. हा शब्द आपण का घातलात, हे अर्जदारास पुष्कळ विचार करूनही समजलेले नाही. बहुधा लिहिण्याच्या ओघात पडला असेल आणि त्यामुळे कोणाचा जीव जातो हे बघायला आपण थांबला नसाल. ठरवून केले असते तर एक वेळ राग धरता आला असता.

फहादने प्रजनन केंद्रात विचारणा केली आहे. तेथे एक कुंपण रिकामे आहे. नेण्याची पेटीही आहे. ४७ यास पेटीत बोलवायचे असल्यास मात्र अर्जदार डबा वाजवण्यास तयार आहे, कोणत्याही दिवशी, कोणत्याही वेळी. तो त्याचा शेवटचा घास असेल आणि त्यानंतर माणसाच्या हातचे त्याने कधी खाऊ नये, अशी अर्जदाराची इच्छा आहे.

आपणाकडून शनिवारपर्यंत काही न कळल्यास रविवारी सकाळी सात वाजता अर्जदार पंपघरात मोटार सुरू करून आत बसेल, म्हणजे बाहेरचे ऐकू येणार नाही. आदेशभंगाबद्दल जी कारवाई होईल ती त्यास मान्य आहे. परंतु आदेशाची अंमलबजावणी अडू नये, म्हणून आवश्यक ते साहित्य सोबत जोडले आहे.

आपण सुज्ञ आहात, एवढे लिहून थांबतो.

आपल्यावर विश्वास ठेवून राहिलेला,
(सही)
जलाल दाऊद चौगुले
कर्मचारी क्र. ११८
दिनांक : २० नोव्हेंबर २०२५

सोबत जोडलेली कागदपत्रे व साहित्य :

१. श्री. सुमीत यांच्या संदेशाची छापील प्रत.

२. छायाचित्र, एक. यात आपण फलकाच्या खांबाला टेकून डबा वाजवत आहात. क्षितिजा आपल्या खांद्यावर आहे. छायाचित्र अर्जदाराने काढलेले असून याची दुसरी प्रत ठेवलेली नाही.

३. पत्र्याचा निळा डबा, नग एक. आत सुके खुबूस, मूठभर. तीनदा वाजवावा, जरा थांबून पुन्हा दोनदा. अर्जदार नसला तरी चालेल. आपल्यालाही तो ओळखतो, येईल.